ससे, रानमांजर आणि नाफडे बाई

अंबरनाथच्या आमच्या शाळेत मी अकरा वर्षं मुख्याध्यापिका होते. निरोपसमारंभात माझ्याबद्दल बरंच चांगलं बोललं गेलं. ते ऐकताना मला सारखं वाटत होतं, कुणीतरी उठावं आणि खरं काय ते सांगावं. ती खुर्ची नाफडे बाईंची होती. मला ती मिळाली पालेगावातल्या नऊ कोंबड्यांमुळे. हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसते, पण यात थट्टा काही नाही.

सुमन नाफडे आमच्याकडे भूगोल शिकवायच्या. मूळच्या भुसावळच्या, उन्हाच्या मुलखातल्या. अंगानं काटक, उंचीनं बेताच्या, आणि आवाज मात्र असा की शेजारच्या वर्गात मी व्याकरण शिकवत असले तरी माझ्या मुलांना नद्यांची खोरी पाठ व्हायची. लग्न केलेलं नव्हतं. शिवमंदिराच्या रस्त्यावर दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. डबा कधी बसून खाल्ला नाही. शिक्षकखोलीच्या खिडकीशी उभं राहून, बाहेर बघत बघत जेवायच्या. बाहेर काय असायचं, तर मैदान, कुंपणाची भिंत आणि भिंतीवर एखादा सरडा. पण त्यांना तेवढं पुरायचं.

मी ब्याऐंशी साली विठ्ठलवाडीहून येऊन-जाऊन मराठी शिकवायला लागले, त्याच महिन्यात एक दिवस तासाला मैदानातून आरडाओरडा ऐकू आला. खिडकीतून पाहिलं तर नववी ब मैदानात पळत होती. फक्कीनं चौकोन आखलेले, तीन पोरांच्या दंडाला काळे रुमाल बांधलेले, आणि मधोमध नाफडे बाई शिट्टी घेऊन उभ्या. मला वाटलं शारीरिक शिक्षणाचा तास बदली आला असेल. मधल्या सुट्टीत विचारलं, तर म्हणाल्या, "छे हो, भूगोल. तैगाचा प्रदेश."

उत्तरेकडच्या त्या बर्फाळ अरण्यांवर पाठ्यपुस्तकात दीड पान होतं. टोकदार पानांची झाडं, लांबलचक हिवाळा, इमारती लाकूड, आणि शेवटी प्राण्यांची नावं. बाईंचा राग त्या शेवटच्या ओळीवर होता. रेशनकार्डावर माणसं लिहितात तशी नावं लिहून ठेवलीत, असं त्यांचं म्हणणं. ही मंडळी एकाच रानात राहतात कशी, कोण कुणाला कसं चुकवतं, ते कोण सांगणार? मग त्या दीड पानाला पंधरवडा घ्यायच्या. मैदानातला एक चौकोन म्हणजे दाट झुडपं, एक गोठलेली नदी, बाकी उघडं बर्फ. सदतीस ससे आणि तीन लिंक्स. लिंक्स म्हणजे तिकडचं मोठं रानमांजर, पंजे इतके रुंद आणि केसाळ की भुसभुशीत बर्फात रुतत नाहीत, कानांच्या टोकाला काळ्या केसांचे झुपके. झुडपांच्या चौकोनात सशाला पकडायचं नाही हा नियम, पण तिथं खायला कमी, म्हणून थोड्या थोड्या वेळानं बाहेर यायलाच हवं. पहिल्या डावात त्या तीन दांडगट पोरांनी पाच मिनिटांत सगळे ससे खाऊन टाकले आणि टाळ्या मागितल्या. बाईंनी शिट्टी वाजवून दुसरा डाव सुरू केला. त्यात ससे नव्हतेच. तिघं जण रिकाम्या मैदानात दहा मिनिटं उन्हात उभे राहिले, आणि मग बाईंनी त्यांना जाहीर केलं की तुम्ही उपाशी मेलात.

बर्फ त्यांनी जन्मात पाहिलेलं नव्हतं. सगळं ज्ञान उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या एका रद्दीवाल्याकडचं. तो परदेशी मासिकांची थप्पी त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. शब्दकोश मांडीवर घेऊन त्या ती वाचायच्या आणि सोमवारी शिक्षकखोलीत आम्हाला ऐकवायच्या. लांडग्यांचे कळप रान आपापसांत वाटून घेतात, पण दोन कळपांच्या हद्दींमध्ये एक पट्टा उरतो, तिथं मारामारीच्या भीतीनं कुठलाच कळप फारसा फिरकत नाही, आणि हरणं नेमकी तिथं जाऊन राहतात. हा पट्टा बाईंचा फार लाडका होता. मोठ्यांच्या भांडणात लहानांना जागा मिळते हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की गणिताचे सर त्यांना दुरून येताना पाहून "आला पट्टा" म्हणायचे.

"कोण कुणाला खातं ते मागाहून. आधी दोघं राहतात कुठे ते बघा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दुसरं, "वाट एक, वेळ वेगळी." हे दुसरं त्या कुठेही लावायच्या. एकदा चित्रकलेचे सर आणि शिवणाच्या बाई एका कपाटावरून महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. बाईंनी कपाटाच्या दाराला वेळापत्रक चिकटवलं, सोम-बुध-शुक्र ससा, मंगळ-गुरू-शनि लिंक्स. कोण ससा आणि कोण लिंक्स यावरून आणखी आठवडाभर भांडण झालं, पण कपाटाचं मिटलं.

एवढं सगळं असून घरातल्या मांजराला त्या घाबरायच्या. माझ्याकडे एकदा जेवायला आल्या, आमची मनी टेबलाखालून गेली, तर बाई दोन्ही पाय वर घेऊन बसल्या. म्हणाल्या, "रानातल्याचं कसं, त्याला आपल्याशी काही कर्तव्य नसतं. ही बया ओळख काढते."

पालेगाव तेव्हा शाळेपासून पायी अर्ध्या तासावर होतं. भाताची खाचरं, बांध, त्यापलीकडे करवंदीच्या जाळ्यांनी भरलेला माळ आणि मग डोंगर. रविवारी बाई तिथं भटकायच्या. एका सोमवारी त्या शिक्षकखोलीत शिरल्या त्याच उजळलेल्या तोंडानं. "मोघे बाई, काल मी लिंक्सची चुलत बहीण पाहिली." बांधावर रानमांजर दिसलं होतं. पिवळट करडं, लांब पायांचं, आणि कानांच्या टोकाला, लहानसे का होईना, पण झुपके. त्या दिवशी त्या जेवल्याच नाहीत.

तिथून त्यांचं वेड सुरू झालं. मासिकात वाचलं होतं की तिकडचे लोक बर्फातल्या पावलांवरून सगळं ओळखतात. इथं बर्फ कुठून आणायचं? मग शिपाई तुकाराम कामाला लागला. सगळ्या वर्गांतले डस्टर झटकून खडूची भुकटी तो बिस्किटांच्या डब्यात साठवायचा. शनिवारी संध्याकाळी बाई पालेगावच्या माळावर जायच्या आणि पायवाटेवर पिठाच्या चाळणीनं ती भुकटी चाळायच्या. रविवारी सकाळी साडेसहाला पावलं वाचायला हजर. गावातल्या बायकांना आधी वाटलं की करणी-बिरणी करतायत. मग कळलं की मास्तरीण आहे, तेव्हा सोडून दिलं.

मी एकदाच गेले. बाई पदर खोचून गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि मला बोट लावू देत नव्हत्या. सशाची मागची दोन लांब पावलं पुढे उमटलेली, पुढची दोन लहान मागे. त्यावरच गोल, नखं न दिसणारा ठसा. "हा बघा, ससा आधी गेला. ही नंतर आली, त्याच्या पावलावर पाऊल देऊन. आणि तरी ससा जिवंत आहे, कारण हा पुढे परत आलेला दिसतोय." ससा करवंदीच्या जाळीपासून दहा पावलांपलीकडे जात नव्हता, रानमांजर बांधाच्या कडेकडेनं चालत होतं. बाईंनी मला हे तासभर दाखवलं. मला भूक लागली होती, आणि तरीही मी त्यांचा हेवा केला. मला आयुष्यात कशाचंही इतकं कधी वाटलं नव्हतं.

दोन हिवाळे त्यांनी हे केलं आणि त्यातून एक नकाशा काढला. केवढा तरी मोठा. त्यात पालेगावच्या माळावरची प्रत्येक जाळी, प्रत्येक बांध, तांबड्या ठिपक्यांनी सशांच्या वाटा, निळ्यांनी रानमांजराच्या, कोण कुठल्या वेळी फिरतं तेही. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. पण बाईंचं एक तत्त्व होतं. गावात शिकलेलं गावाला परत द्यायचं. त्यांनी त्या नकाशाची हुबेहूब नक्कल केली आणि पालेगावच्या मारुतीच्या देवळात भिंतीवर लावली.

लावायला मी बरोबर होते. सगळं गाव जमलं. बाळाराम नावाचा बाईंचा जुना विद्यार्थी होता, तेव्हा केमिकल कंपनीत पाळीवर जायचा. तो पुढे होऊन सगळ्यांना समजावून सांगायला लागला. प्रमाण म्हणजे काय, खुणांची सूची कशी बघायची, उत्तर दिशा कुठली. बाईंचं ऊर भरून आलं. बाळारामची काकू हौसाबाई देवळाच्या पायरीवर बसली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गावाच्या टोकाला, माळाला लागून तिचं घर. तिनं विचारलं, "बाय, यात माजं घर कुठं हाय?" बाईंनी तिचं बोट धरून नकाशावर ठेवलं. हौसाबाई कितीतरी वेळ तिथंच बोट ठेवून उभी होती.

हे झालं नव्वद सालच्या जानेवारीत. मार्चमध्ये शिमगा आला.

शिमग्याला शिकारीला जायची गावाची जुनी रीत होती. धुळवडीच्या दिवशी सगळे पुरुष वाघरी, म्हणजे सशांची जाळी, खांद्यावर टाकून माळावर जायचे, हाकारे घालायचे, आणि जे मिळेल त्याचा घरटी वाटा करायचे. एरवी दिवसभर बोंबलून एखादा ससा मिळायचा, कधी तोही नाही. खरी मजा ओरडण्यातच होती. त्या वर्षी बाळारामनं देवळातला नकाशा बघून वाघरी लावल्या. प्रत्येक तांबड्या वाटेच्या तोंडाशी एक. दुपारपर्यंत चौदा ससे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या पाळीला जाता जाता बाळाराम शाळेत आला. हातात पळसाच्या पानांत बांधलेला पुडा. आम्ही दोघी पायऱ्यांवरच उभ्या होतो. शिकारीत ज्याचा हात लागला त्याचा वाटा त्याच्या घरी पोचवायचा, ही रीत. तो खूश होता, वर्गात पहिला आल्यासारखा.

"बाई, तुमचा वाटा. नकाशा एकदम बरोबर होता. एक खूण चुकली नाय."

बाईंनी पुडा दोन्ही हातांत घेतला. त्यांचा चेहरा मी बघत होते आणि मला वाटलं, आता या पोराला फाडून खाणार. पण त्या म्हणाल्या, "नकाशा तू चांगला वाचलास, बाळाराम." तो नमस्कार करून गेला. बाईंनी पुडा तुकारामला दिला आणि त्याच पायरीवर बसल्या. दोन तास त्यांनी वर्गात पाऊल ठेवलं नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. गणिताचे सर म्हणाले, वन खात्याकडे तक्रार करा, कायदा आहे. बाईंनी विचारलं, "कुणावर करू? काढला मी, वाचायला शिकवलं मी, भिंतीवर लावला मी." त्या संध्याकाळी जाऊन त्यांनी नकाशा उतरवला. बाळारामच्या डोक्यातून मात्र तो उतरवता येणार नव्हता हे त्यांनाही कळत होतं.

एप्रिलमध्ये हौसाबाईच्या कोंबड्या जायला लागल्या. माळावर ससे उरले नाहीत, उंदरांवर भागेना, तेव्हा रानमांजर दिवसाउजेडी घरापर्यंत येऊ लागलं. हौसाबाई संध्याकाळी अंडी आणि भाजी घेऊन स्टेशनाजवळच्या बाजारात बसायची, अंधार पडल्यावर परतायची. तेवढ्या वेळात कोंबड्या बांधावर उकरत असायच्या आणि हे लबाड तिथं टपून बसायचं. दोन आठवड्यांत सहा गेल्या, नऊ राहिल्या. त्या नऊ कोंबड्या म्हणजे तिचं स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं. बाकी सगळ्यासाठी पुतण्याच्या तोंडाकडे बघायचं. बाळारामनं फवारणीचं औषध आणून ठेवलं होतं. मेलेल्या कोंबडीत भरून बांधावर ठेवायचं, की काम झालं.

हे कळलं त्याच दिवशी बाई मला घेऊन पालेगावला गेल्या. हौसाबाई बाजारात निघाली होती, डोक्यावर पाटी. बाईंनी वाटेतच गाठलं आणि औषध घालू नका म्हणून विनवलं.

हौसाबाई पाटी न उतरवताच बोलली. रानमांजराला तिकडे बाऊल म्हणतात. "त्या बाऊलीनं माज्या सहा कोंबऱ्या खाल्ल्या. तुना तिचा पुलका, नि माजा नाय?"

बाई म्हणाल्या, "तिच्या ताटातलं मी उचललं, हौसाबाई. म्हणून ती तुमच्या ताटात तोंड घालते. चूक माझी आहे, ती मी भरून काढीन. तुम्ही बाजारातून येईपर्यंत रोज मी कोंबड्या कोंडीन."

"रोज?"

"पुढच्या शिमग्यापर्यंत. तोवर ससे पुन्हा होतील."

हौसाबाईनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाली, "बरं. पन एक जरी कोंबरी गेली ना बाय, मंग मी बालारामाला नाय थांबवनार."

असा तो करार झाला. रानमांजराचा जीव आता नऊ कोंबड्यांवर टांगलेला होता, आणि नऊ कोंबड्या बाईंवर.

पहिलं काम म्हणजे खुराडं. आतापर्यंत हौसाबाई कोंबड्या टोपलीखाली डालायची आणि टोपली रानमांजर सहज उलथवायचं. जाळी आणायला बाई तीन नंबर कॅम्पात एका सिंधी हार्डवेअरवाल्याकडे गेल्या, आणि सामान उचलायला मी होतेच. दुकानदारानं जाळी कशाला विचारलं. बाईंनी आपल्या भुसावळी हिंदीत सांगितलं.

तो बाईंना सिंधीत ताई म्हणत बोलला, "अदी, एक बिल्ली के वास्ते इतना लफडा? बिल्ली को ही उडा दो ना."

झालं. गिऱ्हाइकं खोळंबली आणि बाईंनी त्याला तैगा शिकवला. बर्फातला ससा हिवाळ्यात पांढरा कसा होतो, ससे वाढले की मागोमाग लिंक्स वाढतात, ससे संपले की लिंक्सची पोरं जगत नाहीत, मग ससे पुन्हा वाढतात, असं सुमारे दहा वर्षांचं चक्र कसं फिरतं, सगळं. दुकानदार गल्ल्यावर कोपर टेकून ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं की मग शेवटी जिंकतं कोण? बाई म्हणाल्या, "जंगल." त्यानं थोडा विचार केला, नोकराला हाक मारून जाड जाळीचे उरलेले तुकडे माळ्यावरून काढायला लावले आणि ते सगळे आमच्या हवाली केले. पुढे कितीतरी दिवस मी त्या दुकानावरून गेले की तो विचारायचा, "बिल्ली ठीक है?"

खुराडं झालं, पण त्यात कोंबड्यांना घालणारं माणूस हवंच. शाळा सुटली की बाई छत्री उचलून पालेगावच्या वाटेला लागायच्या. मे महिन्याच्या सुट्टीत भुसावळला गेल्या नाहीत. बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, तिथं अहेर टपालानं पाठवला. जूनमध्ये चिखल झाला, तेव्हा चपला हातात घेऊन जायच्या. कोंबड्यांना पहिल्यांदा त्यांची भीती वाटायची, त्या भाताच्या कण्या टाकून बोलावायच्या. त्या खणखणीत आवाजात त्यांनी "या बाळांनो" म्हटलं की पलीकडच्या आळीतल्यासुद्धा कोंबड्या यायच्या, असं हौसाबाई सांगायची.

आणि मग जुलैत मुख्याध्यापकपदाच्या मुलाखती आल्या. यादीत बाईंचं नाव पहिलं, माझं दुसरं. बाकी कुणी नव्हतं, आणि बाईंचं ठरल्यासारखंच होतं. मुलाखत पाचला होती. संस्थेचे अध्यक्ष आले सव्वासहाला. मग चहा, मग पुष्पगुच्छ. बाई खुर्चीच्या टोकावर बसून खिडकीबाहेरचा उजेड बघत होत्या. पाऊस भरून आल्यामुळे लवकर अंधारणार हे मलाही दिसत होतं. आत बोलावल्यावर त्या गेल्या आणि मिनिटभरात बाहेर आल्या. दार उघडंच होतं, मी सगळं ऐकलं. अतिशय अदबीनं त्यांनी सांगितलं होतं, "साहेब, मला क्षमा करा. मला कोंबड्या कोंडायच्या आहेत." आणि छत्री घेऊन निघाल्या.

आतून हसण्याचा आवाज आला. मी बाहेर बसले होते. बाईंना मी म्हणू शकले असते, तुम्ही थांबा, आज मी जाते. वाट मला माहीत होती, कोंबड्याही ओळखीच्या झाल्या होत्या. पण मी हललेसुद्धा नाही. माझं नाव पुढचं होतं. बाईंनी याबद्दल मला कधी एका शब्दानं विचारलं नाही, उलट दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी पेढा मागितला. मला ते अजून सहन होत नाही.

त्या संध्याकाळी काय झालं ते मला मागाहून हौसाबाईनं सांगितलं. बाई पोचेतो पाऊस कोसळत होता. आठ कोंबड्या घराच्या वळचणीला होत्या, त्या त्यांनी आत घातल्या. नववी, तांबडी, कुठेच नव्हती. बाळारामची त्या दिवशी सुट्टी होती. तो ओसरीवर आला, बाईंना मोजताना पाहिलं, आणि घरात औषध शोधायला गेला. बाईंनी बांध पालथा घातला, जाळ्यांत हात घालून कोपरापर्यंत ओरबाडून घेतले. शेवटी शेजारच्या मांडवावर पेंढा रचला होता तिथं तांबडी सापडली. चोरून अंडी घातली होती आणि त्यांवर ती खुडूक बसली होती. हौसाबाई बाजारातून आली तेव्हा बाई खुराड्यापाशी नखशिखांत भिजून बसल्या होत्या, मांडीवर तांबडी, ओटीत सात अंडी. बाळाराम समोर उकिडवा बसला होता. हौसाबाईनं विचारलं काय झालं, तर बाई म्हणाल्या, "काही नाही. नऊ आहेत." त्यांची काय खुर्ची गेली ते हौसाबाईला आणखी महिन्यानं समजलं, तेही माझ्याकडून. ती म्हणाली, "येडी बाय." आणि डोळे पुसले.

दिवाळीनंतर माळावर पुन्हा सशांच्या लेंड्या दिसायला लागल्या. बाईंनी मात्र खडूची भुकटी त्यानंतर एकदाही चाळली नाही. माळाच्या आत पाऊलही टाकायच्या नाहीत. घरापर्यंत जायच्या, कोंबड्या कोंडायच्या, परतायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या की मला कळलं तर मी कुणाला तरी सांगणार, माझा तोच धंदा आहे.

पुढचा शिमगा आला. कराराचा शेवट. धुळवडीच्या दिवशी बाई घराबाहेर पडल्या नाहीत. मी त्यांच्याकडे गेले होते. त्या सकाळपासून दारं लावून कपडे इस्त्री करत होत्या, धुतलेले, न धुतलेले, सगळे. संध्याकाळी बाळाराम आला. हात रिकामे. त्याला खुर्ची दिली तरी बसला नाही.

माळाच्या तोंडाशी काकू आडवी उभी होती, असं त्यानं सांगितलं. हातात कोयता नाही, काठी नाही, नुसती उभी. पोरांनी बाजूला व्हायला सांगितलं, तर म्हणाली की ससे तुमी खाल, मंग ती बाऊल माज्या दारात यील, तवा तुमच्यातला कोन येनार हाय रोज कोंबऱ्या कोंडाला? एकानंही हात वर केला नाही. मग मंडळी डोंगराच्या बाजूला गेली, तिथं ओरडून ओरडून घसे बसवले आणि परत आली. बाळाराम म्हणाला, "काकी जे बोलली ना बाई, ते तुम्ही आम्हाला नववीत मैदानावर शिकवलं होतं. मी लिंक्स होतो." बाईंनी इस्त्री बंद केली. मग त्याच्यासाठी आणि माझ्यासाठी चहा टाकला, आणि त्यात साखर घालायला विसरल्या.

नाफडे बाई शहाण्णवला निवृत्त झाल्या आणि बहिणीकडे जळगावला जायचं ठरलं. शेवटच्या पाच-सहा वर्षांत मी मुख्याध्यापिका आणि त्या माझ्या हाताखाली, पण दीड पानाला पंधरवडा घेतात म्हणून त्यांना बोलायची माझी छाती झाली नाही. जायच्या आदल्या दिवशी त्या म्हणाल्या, हौसाबाईला भेटून येऊ.

गाव बदलायला लागलं होतं. रस्त्याकडेच्या खाचरांत मोजणीचे दगड बसले होते, एका इमारतीचे खांब उभे राहिले होते. हौसाबाईचं घर तसंच होतं, कोंबड्या मात्र वीसेक झालेल्या. तिनं आम्हाला कोरा चहा दिला. दोघी म्हाताऱ्या गुडघ्यांबद्दल बोलल्या, बाळारामच्या मुलीबद्दल बोलल्या. बाई उठायच्या आणि पुन्हा बसायच्या. इतक्या वर्षांत त्यांनी जे विचारलं नव्हतं ते त्यांच्या तोंडाशी आलं होतं, हे मला दिसत होतं. शेवटी अंगणात उतरल्यावर, चप्पल घालता घालता, खाली बघूनच विचारलं.

"अजून आहे का हो ती?"

हौसाबाईनं इकडेतिकडे कुणी नाही ना ते पाहिलं. "हाय. त्या जुन्या बाऊलीची लेक असंल, नायतं नात. औंदा पिलं घातलीन, तीन."

बाईंचा चप्पल घालणारा पाय तसाच राहिला. "कुठे?"

"ते नाय सांगनार."

"मलासुद्धा?"

"तुना तं नायच," हौसाबाई म्हणाली. "तुना सांगलं तं तू नकाशा काढशील."

मला वाटलं बाईंना लागलं असणार. त्यांनी वर पाहिलं तेव्हा डोळे भरलेले होते, पण त्या हसत होत्या, अगदी वर्गात एखाद्या मागच्या बाकावरच्या पोरानं अचूक उत्तर दिल्यावर हसायच्या तशा. त्यांनी हौसाबाईचे दोन्ही हात हातांत घेतले. "नका सांगू," म्हणाल्या. "कुण्णाला सांगू नका."

परत येताना आम्ही बांधावरून निघालो, बाई पुढे आणि मी मागे. उन्हं उतरली होती. उजव्या हाताच्या जाळीत खसफस झाली, आणि मग बारीक, मांजराच्या पिलासारखा आवाज. मी थांबले. मान आपसूक तिकडे वळली. बाई थांबल्या नाहीत. त्यांनी उजव्या बाजूनं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला, नजर आपल्या पायांपाशी ठेवली आणि तशाच चालत राहिल्या, रस्ता येईपर्यंत.